उतार आधी, रोषणाई नंतर

पोरांनो,

आषाढीला नारायणगडावर येणाऱ्या लेकरांसाठी पिनबॉलचं मशिन करायचं तुम्ही मनावर घेतलंय, हे ऐकून बरं वाटलं. धाकटी पंढरी म्हणतात त्या या गडावर नगद नारायणाच्या दर्शनाला माणसं लेकरंबाळं घेऊन येतात. दर्शन झाल्यावर त्या लेकरांना घटकाभर हक्काचा खेळ मिळावा, ही इच्छा चांगलीच आहे. मी जन्मभर विहिरीवरच्या मोटारी भरल्या. तांब्याची तार, लोखंड आणि स्प्रिंग यांच्यातच माझे हात काळे झाले. पिनबॉल, म्हणजे उतरत्या फळीवर बटणांनी गोळी टोलवायचा खेळ, तोही आतून याच तीन वस्तूंचा आहे. म्हणून माझ्याकडचे कानमंत्र देतो, वहीत उतरवून घ्या.

१. चित्र नंतर, गोळी आधी

आपल्याकडच्या बऱ्याच पोरांनी पिनबॉल पहिल्यांदा पाहिला तो एमएस-सीआयटीच्या क्लासात. विंडोज एक्सपीबरोबर तो खेळ आयताच यायचा. त्याच्या पडद्यावर काय काय रंगवलं होतं ते आज फारसं कुणी सांगणार नाही, पण गोळी कशी आपटायची आणि किती जोरात परत यायची हे हाताला अजून आठवतं. पुढे ६४ बिटांचं विंडोज तयार करताना गोळी वस्तूंना न आपटता आरपार जायला लागली. दोष काही सापडेना, तेव्हा मायक्रोसॉफ्टने तो खेळच गाळला. तिथले प्रोग्रॅमर रेमंड चेन यांनी हे लिहून ठेवलंय. गोळी खरी वागली नाही तर बाकी सगळं फुकट, एवढं त्यातून घ्या.

कारखान्यातल्या मशिनची गोळी पोलादी असते. जाडी एक इंच अर्धा सूत, वजन ८० ग्रॅम. माझ्या दुकानातल्या जुन्या बेअरिंगचे छर्रे लहान पोरं मागून नेतात, ते तुम्हाला चालणार नाहीत. हलका छर्रा उडतो आणि मनाला येईल तिकडे जातो. बेअरिंगवाल्याला माप सांगून नवी गोळी मागवा. रोज संध्याकाळी ती मऊ फडक्याने पुसा. धूळ बसलेली किंवा ओरखडा पडलेली गोळी पॉलिश पेपरसारखी लाकूड खात जाते.

२. उतार मोजून द्या

गोळीला खाली ओढणारी मोटार कुठेच नसते. तिला उतारच ओढतो. कारखाने साधारण साडेसहा अंशांचा उतार धरतात. सुताराच्या भाषेत फुटाला एक इंच तीन सूत. बेचाळीस इंची फळीला वरच्या टोकाला पावणेपाच इंचांच्या आसपास उठाव येतो. उतार कमी पडला तर गोळी रेंगाळते आणि पोरं कंटाळतात. जास्त झाला तर हाताला विचार करायला वेळच मिळत नाही. आडवी पातळी मात्र पाणसळीने काटेकोर बघा. आषाढात जमीन ओली असते, माणसं टेकली की एक पाय रुततो आणि गोळी एकाच बाजूला धावते. पायाखाली फरशीचे तुकडे ठेवा आणि दिवसातून दोनदा पाणसळ लावा.

३. कॉइल जळू देऊ नका

बटण दाबलं की गोळीला टोला देणारा जो छोटा दांडा असतो, तो फ्लिपर. त्याच्यामागे कॉइल असते. जुन्या मशिनच्या कॉइलमध्ये एकावर एक दोन वाइंडिंग भरलेली असत. जाड तारेचं थोड्या फेऱ्यांचं एक, ते झटका देतं. बारीक तारेचं पुष्कळ फेऱ्यांचं दुसरं, ते दांडा नुसता वर धरून ठेवतं. दांडा पूर्ण वर गेला की एक बारीक स्विच उघडतो आणि जाड तारेचा करंट तोडतो. तो स्विच चिकटला किंवा वाकून उघडेनासा झाला की जाड तारेतून करंट वाहतच राहतो आणि कॉइल धूर सोडते. अडकलेला पंप मोटार जाळतो, तसंच हे. आताच्या मशिनमध्ये हे काम सर्किट बोर्ड करतो, तोडून तोडून करंट देतो. पण पहिलं मशिन तुम्ही स्विचचंच करा. दोष डोळ्यांना दिसतो आणि कानसेने दुरुस्त होतो.

४. ओळंबा लावा, पण हलवू द्या

मशिनला धक्के देऊन गोळी वळवणारे हात सगळीकडे असतात. १९३० च्या दशकात हॅरी विल्यम्स याने त्यावर उपाय काढला. धातूच्या कड्याच्या मधोमध छोटा ओळंबा टांगलेला असतो. मशिन फार हललं की ओळंबा कड्याला टेकतो, सर्किट पुरं होतं आणि डाव बंद. कडं फार अरुंद ठेवू नका. थोडं अंग लावून खेळणं हीसुद्धा कला आहे. तेवढी मुभा राहू द्या.

५. थोडक्यात भागवा, पण न्याय चोख ठेवा

१८७१ साली सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्हने स्प्रिंगच्या दांड्याने गोळी उडवायच्या पाटीचं पेटंट घेतलं. जत्रेतली खिळ्यांची पाटी त्याच घराण्यातली. तिच्यात गोळी सुटली की माणसाने फक्त बघत बसायचं. १९४७ मध्ये हॅरी मॅब्जने 'हम्प्टी डम्प्टी' या मशिनला विजेचे सहा फ्लिपर लावले, आणि खेळणाऱ्याच्या हातात पहिल्यांदा काही आलं. पुढच्याच वर्षी स्टीव्ह कॉर्डेकने 'ट्रिपल ॲक्शन' केलं. त्याने दोनच फ्लिपर ठेवले, तेही खाली, गोळी निसटते त्या तोंडाशी. आज कुठलंही नवं मशिन बघा, ते दोन तिथेच आहेत. पैसा कमी आहे म्हणून हळहळू नका. कमी सामान योग्य जागी बसवणं हीच या कामातली खरी अक्कल.

आता न्यायाचं. गोळी गेल्यावर पोराने म्हणायला हवं, "माझंच चुकलं, मी घाई केली." त्याने मशिनला शिवी दिली तर फळी पुन्हा आखा.

६. पैसा लावू देऊ नका

न्यूयॉर्क शहराने १९४२ मध्ये पिनबॉलला जुगार ठरवून बंदी घातली. महापौर ला गार्डिया यांनी मशिनं हातोड्याने फोडून दाखवली. बंदी उठायला १९७६ उजाडलं. रॉजर शार्प या जाणकाराने तिथल्या समितीपुढे मशिनवर खेळून दाखवलं. गोळी कुठल्या वाटेने जाईल हे आधी सांगितलं आणि तशीच घालवली. हे नशीब नाही, हात आहे, हे लोकांना पटलं. आपल्याकडच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातही निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. तरीही मी सांगतो, गडाच्या पायथ्याशी गोळीवर एक रुपयाही लागता कामा नये. बक्षीसही ठेवू नका. पुन्हा एकदा खेळायला मिळणं हेच बक्षीस पुरे.

७. नव्या मशिनची बातमी वाचताना आधी घडवणाऱ्याचं नाव शोधा

तुम्ही मोबाइलवर नवी मशिनं बघता तेव्हा सिनेमाचं नाव, रोषणाई आणि आवाज यांनी दिपून जाता. त्याखाली आखणी कुणाची ते वाचत जा.

पॅट लॉलरचं 'द ॲडम्स फॅमिली' १९९२ मध्ये आलं आणि २०,२७० विकलं गेलं. त्यात पेटी उघडते, एक हात बाहेर येतो आणि लोहचुंबकाने गोळी उचलून आत नेतो. तेवढ्यासाठी माणसं पुन्हा पुन्हा नाणं टाकत. ब्रायन एडीने १९९५ ला 'अटॅक फ्रॉम मार्स' आणि १९९७ ला 'मेडिव्हल मॅडनेस' केलं. मग धंदाच बसला. १९९९ मध्ये विल्यम्स कंपनीने पिनबॉल बंद केला आणि गॅरी स्टर्न यांची कंपनी तेवढी तग धरून राहिली. जर्सी जॅक कंपनी आली ती २०११ मध्ये. एडी पुन्हा याच कामाला लागला, २०२५ चं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' त्याचंच. हुनर टिकवून ठेवला की दिवस फिरतात.

कीथ एल्विनचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. हा आधी जगातला अव्वल खेळाडू, मशिनांची दुरुस्ती करणारा. त्याने घरच्या घरी स्वतःचं मशिन बांधलं. ते बघून स्टर्नने त्याला बोलावलं. २०१८ ला 'आयर्न मेडन', २०१९ ला 'जुरासिक पार्क', २०२१ ला 'गॉडझिला', २०२४ ला 'जॉज', २०२५ ला 'किंग काँग'. त्याच्या फळीवर एका फटक्याने गेलेली गोळी पुढच्या फटक्यासाठी बरोबर दुसऱ्या फ्लिपरवर येऊन पडते. ही आखणी ज्याने हजारो डाव खेळलेत त्यालाच सुचते. स्कॉट डॅनिसीनेही 'टोटल न्यूक्लिअर ॲनिहिलेशन' आधी स्वतःच बांधलं. संगीतही त्याचंच. २०१७ मध्ये विस्कॉन्सिनच्या स्पूकी या छोट्या कंपनीने ते बाजारात आणलं. जॅक डेंजर लोकांना खेळ थेट दाखवता दाखवता स्टर्नमध्ये गेला आणि २०२३ ला 'फू फायटर्स' केलं. जर्सी जॅककडे एरिक म्यूनियेचं नाव बघा, २०२० चं 'गन्स अँड रोझेस' आणि २०२५ चं 'हॅरी पॉटर' त्याचं.

यातले बरेचजण मागच्या दाराने आले. कुणी खेळत खेळत, कुणी पाना हातात घेऊन, कुणी घरच्या फळीवर. तुमचंही दार तेच. आणि हे काम अगदीच परक्या मुलखातलं समजू नका. २०१७ मध्ये 'हुडिनी' काढणाऱ्या 'अमेरिकन पिनबॉल' या कंपनीच्या मागे एमट्रॉन ही सर्किट बोर्ड बनवणारी कंपनी होती, आणि त्या नावाचा कारखाना गुजरातेत वडोदऱ्यालाही आहे. डिप्लोमा झाल्यावर बोर्ड जोडायचं काम शिकायला एवढं लांबही जावं लागत नाही.

८. महागाचा मोह धरू नका

स्टर्न एकच मशिन सहसा तीन दर्जांत काढते: प्रो, प्रीमियम आणि मोजक्या संख्येची लिमिटेड एडिशन. प्रोची किंमतच सात हजार डॉलरच्या घरात, वरची दोन आणखी महाग. 'गॉडझिला'च्या महाग आवृत्तीत पूल कोसळतो, प्रोमध्ये ती करामत नाही. पण गोळीच्या मुख्य वाटा दोन्हीकडे त्याच. म्हणून नकाशा शिकायचा तो प्रोचा. आणखी एक गोष्ट, मशिन बाहेर पडतं तेव्हा त्याचं सॉफ्टवेअर बरेचदा अर्धंच असतं, पुढे महिनोन्‌महिने भर पडत जाते. पहिल्या आठवड्याची स्तुती आणि टीका दोन्ही बाजूला ठेवा. वर्षभराने लोक काय म्हणतात ते ऐका.

९. फळी उचलता आली पाहिजे

मशिन बांधतानाच बिघाडाचा विचार करा. कारखान्यातली फळी बिजागरीवर उभी उचलता येते आणि खालची सगळी वायरिंग समोर येते. तुम्हीही तसंच करा. वायरींना रंग द्या आणि त्या रंगांचा तक्ता झाकणाच्या आत चिकटवा. कॉइल, रबर, स्प्रिंग आणि फ्यूज यांचे जादा नग जवळ ठेवा. अर्थिंग केल्याशिवाय मशिन चालू करू नका. ओल्या जमिनीवर अनवाणी लेकरं उभी राहणार आहेत, त्यात सवलत नाही. खोक्यात येणारी मेनची लाइन आणि ट्रान्सफॉर्मर हात पोचणार नाही असे बंद करा. जनरेटरवर चालवायचं तर व्होल्टेज मोजूनच जोडा.

१०. पुठ्ठ्यापासून सुरुवात

पहिल्यांदा पुठ्ठ्यावर वाटा आखा, टाचण्या लावा, गोळी सोडा. मग प्लायवूड. दिवा, चित्र, आवाज काहीही न लावता ते उघडं खोकं गल्लीतल्या पोरांपुढे ठेवा आणि तुम्ही गप्प बसा. कोण कुठे अडतंय, कोण पुन्हा रांगेत उभं राहतंय, ते नुसतं बघा. पोरं आपणहून परत आली की मगच दिवे विकत आणा.

आणि मशिन पुरं झालं की काचेखाली सगळ्यांची नावं लिहा. आखणी कुणाची, कॉइल कुणी भरली, वायरिंग कुणाचं, चित्र कुणाचं. शेजारी फोन नंबरही द्या. गर्दीच्या दिवशी मशिन बंद पडलं तर हाक तुम्हालाच आली पाहिजे, आणि तुम्ही पाना घेऊन धावत गेलं पाहिजे.