खडू एकाचा, फळा दुसऱ्याचा : जुना संगणक आजच्या पडद्यावर



रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैराट या वाडीतल्या एकशिक्षकी शाळेत २००७ साली मुलांच्या हाती छोटे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या उपक्रमातले हे एक्सओ लॅपटॉप. मेमरी फक्त २५६ एमबी, साठवण १ जीबी. विंडोज नाही, युनिक्सच्या घराण्यातलं लिनक्स आणि त्यावर 'शुगर' नावाचा मुलांचा पडदा. शुगरमध्ये फाईल-फोल्डर शोधत बसावं लागत नाही. मुलाने काय काय केलं ते 'जर्नल' मध्ये आपोआप नोंदवलं जातं. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण आपण बहुतेक वेळा तयार झालेलं चित्रच तपासतो, ते होताना पाहत नाही.

तो लॅपटॉप आता कुठे मिळायचा? पण शुगर मोफत मिळतं आणि आपल्या शाळेच्या कॉम्प्युटरवर 'कॉम्प्युटरच्या आत कॉम्प्युटर' तयार करून चालवता येतं. क्यूईएमयू, व्हर्च्युअलबॉक्स ही त्यासाठीची मोफत सॉफ्टवेअर. मुलांना सांगताना मी बहुरूप्याचं उदाहरण देते. बहुरूपी पोलीस होतो, गाव हसतं, पण माणूस तोच. इथे मेमरी मुद्दाम कमी ठेवा, म्हणजे जुन्या यंत्राची ओढाताण कळते. फारच अडलं तर वाढवा. एक्सओचा प्रोसेसर आपल्याच कॉम्प्युटरच्या घराण्यातला, त्यामुळे काम सोपं. ॲपलचं १९८८ मधलं ए/यूएक्स हे युनिक्स चालवायचं तर मोटोरोलाच्या प्रोसेसरची प्रत्येक आज्ञा दुभाष्यासारखी भाषांतरित करावी लागते. त्याला खरं एम्युलेशन म्हणतात. आपल्या तेरच्या लामतुरे संग्रहालयातला मातीचा दिवा काचेतून बघायचा असतो, लावता येत नाही. इथे तो लावता येतो!

आता पाठाचा गाभा. युनिक्सवर खिडक्या आणि चित्रं दाखवण्याचं काम 'एक्स विंडो' करतं. १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झालेली ही पद्धत. त्यात विचार करणारा प्रोग्रॅम आणि पडदा रंगवणारा प्रोग्रॅम वेगळे असतात आणि ते नेटवर्कवरून बोलतात. म्हणजे फळा माझ्या वर्गात, पण काय लिहायचं ते सांगणारी मुलगी शेजारच्या वर्गात. गंमत अशी की इथे 'सर्व्हर' म्हणजे फळा, आपल्या समोरचा पडदा. मोठी माणसंही इथे गोंधळतात.

हे डोळ्यांनी दाखवता येतं. 'एक्सआईज' नावाचा जुना प्रोग्रॅम आहे. दोन डोळे माऊसच्या बाणाकडे बघत राहतात, बस्स. आतल्या बहुरूपी कॉम्प्युटरवर तो सुरू करा (नसेल तर आधी बसवावा लागतो), पण खिडकी बाहेरच्या, खऱ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर मागवा. बाहेर लिनक्स असेल तर 'एसएसएच' ने जोडताना एक्सची सोय चालू केली की पुरतं. विंडोज असेल तर एक्स सर्व्हर आधी बसवून घ्यावा लागतो. डोळे फिरू लागले की आतला कॉम्प्युटर 'पॉज' करा. खिडकी आहे, इकडे-तिकडे सरकवताही येते, पण डोळे थिजलेले! मुलांना विचारा, "का रे?" उत्तर लगेच सांगू नका. कोणी म्हणेल माऊस बिघडला, कोणी म्हणेल हँग झालं. पुन्हा सुरू केलं की डोळे वळतात, आणि 'पडदा इथं, डोकं तिथं' हे कुणीतरी स्वतःच म्हणतं.

पालक विचारतात, हे जुनं शिकून काय उपयोग? तुमचं मूल मोबाईलवर ऑनलाईन चाचणी देतं, पान अडकतं आणि ते घाबरून दहादा बटण दाबतं. फळा शाबूत आहे, सांगणारी गप्प झाली आहे, हे ज्याला कळलं ते मूल थोडं थांबतं, नेट बघतं.

एक काळजी मात्र घ्या. एक्सचा पडदा सगळ्यांना खुला करायची एक आज्ञा इंटरनेटवर सर्रास सुचवलेली दिसते. ती वापरू नका. जोडलेला दुसरा प्रोग्रॅम तुमच्या दाबलेल्या कळासुद्धा वाचू शकतो, आणि शाळेच्या त्याच कॉम्प्युटरवर आपण मुलांची माहिती भरत असतो.