धुक्यातली गाडी

पौष महिना आला की आपल्या ठाणे जिल्ह्यात यात्रेची लगबग सुरू होते. मुरबाड तालुक्यात म्हसा नावाचे गाव आहे. तिथे पौष पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. जनावरांचा बाजार भरतो, घोंगड्यांची दुकाने लागतात. ठाणे, डोंबिवली, कल्याणहून माणसे निघतात. कोणी एस.टी.ने, कोणी मोटारसायकलने, कोणी टेम्पोने. शिवाय नाताळच्या आणि रविवारच्या सुट्टीत माळशेज घाटाकडे जाणाऱ्या मोटारीही याच रस्त्याला लागतात.

आपण म्हणतो, "पहाटेच निघू, म्हणजे गर्दी लागणार नाही." विचार चांगला आहे. पण पहाटे रस्त्यावर धुके असते, त्याचे काय?

धुके कसे पडते? थंडीच्या रात्री जमीन निवते. तिच्याजवळची ओलसर हवाही गार होते. मग हवेतल्या वाफेचे बारीक बारीक थेंब होतात. तेच धुके. नदीकाठी आणि सखल शेतात ते दाट साचते. म्हणून रायत्याला उल्हास नदीच्या पुलाजवळ जपून जावे. ऊन वर आले की धुके विरते.

आता थोडा हिशोब करू. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे. म्हणजे एका सेकंदात ती सुमारे १७ मीटर जाते. समोर बैलगाडी दिसली. पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद तरी जातो. तेवढ्यात १७ मीटर संपले! ब्रेक दाबल्यावरही गाडी आणखी २० मीटर पुढे जाते. रस्ता दवाने ओला असला, गाडीत माल भरलेला असला, तर त्याहून जास्त.

धुक्यात २० मीटरच दिसत असेल तर ही गाडी थांबेल का? नाही थांबणार. पण वेग ३० असेल तर ती १५ मीटरच्या आत थांबू शकते. बैलगाडीवाला वाचला, आपणही वाचलो.

म्हणून एकच गोष्ट मनात पक्की धरा. जेवढे दिसते, तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे. वेग काट्याकडे बघून नव्हे, रस्त्याकडे बघून ठरवायचा.

दिवे खाली पाडून लावा. वर रोखलेला उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. पुढच्या गाडीच्या मागे चिकटून जाऊ नका. थांबायचे असेल तर गाडी रस्त्याच्या पार बाहेर घ्या. बैलगाडीला मागे चमकणारी पट्टी लावा. पायी जाणाऱ्यांनी उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असे चालावे. अंगावर पांढरे कापड असावे. काळी घोंगडी अंधारात दिसत नाही.

गाडी आपण चालवत नसलो, तरी आपल्याला तोंड आहे. "दादा, जरा हळू घ्या," असे म्हणायला लाजू नका. कल्याण ते मुरबाड सुमारे ३० किलोमीटर. सगळी वाट ६० ऐवजी ३० च्या वेगाने गेलो, तरी अर्धा तासच जास्त लागेल. अर्ध्या तासाने यात्रा उठून जात नाही.

एवढे करूनही कुठे अपघात दिसला तर ११२ या नंबरला फोन करा. जखमी माणसाला मदत करा. पोलिसांचे लचांड मागे लागेल म्हणून भिऊ नका. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. चांगल्या मनाने मदत करणाऱ्याला आता कायद्याचा आधार आहे.

आणि हो, आता तुम्हांला वाचता येते. रस्त्याच्या कडेला पाट्या असतात. 'पुढे वळण आहे', 'वाहने सावकाश हाका'. त्या मोठ्याने वाचा. गाडी हाकणाऱ्यालाही ऐकू जाऊ द्या.

वाचा व सांगा :
१. नदीकाठी धुके दाट का असते?
२. धुक्यात दिवे कसे लावावेत?
३. तुमच्या गावच्या रस्त्यावर कोणती पाटी आहे? ती वहीत लिहून आणा.