ठराव, तळे आणि घटना

ठराव कोणता टिकतो व कोणता विरतो, हा आजच्या पाठाचा विषय होय.

कासूच्या दक्षिणेस, आपल्याच जिल्ह्यात, महाड आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानिलेल्यांस मोकळे असावेत, असा ठराव मुंबईच्या कायदेकौन्सिलाने १९२३ साली केला. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले ठरविले; परंतु पाण्यास हात लाविण्याची सोय झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. भीमराव आंबेडकर सहस्रावधी लोकांसह तेथे पाणी प्याले, तेव्हा त्या लोकांस मारहाण झाली. पुढे त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला! हायकोर्टाचा अनुकूल निकाल मिळण्यास १९३७ साल उजाडले.

आता दिल्लीकडे पाहू. ९ डिसेंबर १९४६ रोजी घटनासमिती प्रथम भरली. पुढे मसुदा समितीचे अध्यक्षपद डॉ. आंबेडकरांकडे आले. एकेक कलम वाचावे, सभासदांनी दुरुस्त्या सुचवाव्या, त्यांस उत्तर द्यावे, मग मते घ्यावी, असा क्रम होता. दुरुस्त्यांच्या सूचना सात हजारांहून अधिक आल्या. त्यांपैकी सुमारे अडीच हजार प्रत्यक्ष मांडिल्या गेल्या. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यतेचे कलम संमत झाले. त्या दिवशी अध्यक्षस्थानी बंगालचे ख्रिस्ती गृहस्थ डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी होते.

तेच आजचे १७ वे कलम. अस्पृश्यता नष्ट केली आहे, एवढेच म्हणून ते थांबत नाही. तिच्यावरून कोणास अडविणे हा दंडास पात्र अपराध आहे, असेही ते सांगते. २६ जानेवारी १९५० पासून घटना पूर्णपणे अमलात आली व १९५५ साली शिक्षेचा कायदाही झाला. शिवाय नगरपालिकेचा ठराव एका बैठकीत फिरला, तसे घटनेचे नाही. असे कलम बदलावयाचे तर संसदेच्या प्रत्येक सभागृहात हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश, आणि एकूण सभासदांपैकी निम्म्याहून अधिक, अनुकूल असावे लागतात.

तरीही कलम स्वतः चालत विहिरीपर्यंत येत नाही. ते आणावयाचे काम माणसांचे आहे.

मननार्थ प्रश्न : १. महाडचा ठराव का टिकला नाही? २. १७ व्या कलमात त्याहून अधिक काय आहे? ३. आपल्या पंगतीत, पाणवठ्यावर व मंडळीच्या बैठकीत पूर्वीच्या जातीवरून कोणी मागे बसतो काय? उपदेशकांनी तिसरा प्रश्न प्रथम स्वतःस विचारावा.