आणखी एक वर्ष

शास्त्रपाठ : लूक १३:६-९



अंजिराच्या झाडाचा दाखला ऐकताना आपले लक्ष बहुधा धन्याकडे असते. पोखर्णीत घरामागे परसबाग करायला लागल्यापासून मी तो माळ्याच्या बाजूने वाचते. तीन वर्षे फळ नाही, तरी तो झाडाला नावे ठेवत नाही. भोवती खणीन, खत घालीन, असे म्हणून काम स्वतःच्या अंगावर घेतो.

मी पहिल्या वर्षी दोष बियाण्याला दिला. मिरची, वांगी, टोमॅटो सपाट वाफ्यात लावले होते. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. श्रावणात झड लागली तशी मुळांना हवा मिळेना. रोपे पिवळी पडून बुडाशी कुजली. उरलेली शेळीने खाल्ली. पुढच्या वर्षी वीतभर उंच गादीवाफे केले, कुजलेले शेणखत मिसळले, बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातले. माव्यासाठी लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून फवारली. मिरची, वांगी आली. टोमॅटो आजही माझ्यावर रुसलेलाच आहे.

तेवढ्या यशावर मी पारधी वस्तीत मेथी-पालकाचे बियाणे वाटले. दसऱ्याचे दिवस होते, पालेभाजीला हवा उत्तम. याच पत्रात 'अठरा कुटुंबांच्या परसबागा' असे मी अभिमानाने कळवलेही. नाताळात गेले तेव्हा वाफे कोरडे होते आणि दारांना कुलपे. माणसे ऊसतोडीला गेलेली. मागे राहिलेली एक आजी म्हणाली, "ताई, पानी कोन घालनार? आमी फडावर. पावसाळ्यात दे, येलाचं दे. छपरावर चढंल, शेळीला घावनार न्हाई."

ते अठरा मी लिहायला नको होते. तुमच्यापैकी काहींनी त्यावर विश्वासाने देणगी पाठवली, म्हणून इथेच कबूल करते.

सेवाकार्यात भाजीपाला कशाला, असेही कोणी विचारतात. १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापणाऱ्या विल्यम कॅरी यांनीच १८२० मध्ये कलकत्त्यात शेती व बागकामाची संस्था उभी केली, एवढेच सांगते.

पुढच्या मृगात आजीच्या सांगण्याप्रमाणे दोडका, कारले, दुधी दिले. घरामागे चार हात जागा, तीही नावावर नाही. पण वेलाला तेवढी पुरते. भांडी घासलेले पाणी आळ्यात सोडले. महिन्या-दीड महिन्यात पिवळी फुले भरभरून आली आणि गळून गेली. बायका म्हणाल्या, वेल वांझ आहे. एकीने उपटलाच. वेलाला आधी बहुतेक नरफुलेच येतात. मागाहून येणाऱ्या मादीफुलाच्या बुडाशी करंगळीएवढे फळ आधीच असते, हे मी वेळेवर सांगितले नव्हते. सांगितले असते तर तो वेल राहिला असता. बाकीच्यांनी आठवडाभर वाट पाहिली.

अकरा घरांनी बी लावले, नऊ घरांत दोडका शिजला. वेल उपटणारीने शेजारणीकडे पिकलेल्या दोडक्याचे बी मागून ठेवले आहे.

पुढच्या मृगासाठी बियाण्याची यादी झाली आहे. पालक आजीने खोडायला लावला. शेवग्याच्या मनगटाएवढ्या जाड फांद्या मात्र हव्यात. कोणाच्या दारी झाड असेल तर छाटणीच्या वेळी कळवावे.