हवेचा दाब आणि माझा फाजील आत्मविश्वास

‘प्रेशर’ला मराठीत ‘दाब’ म्हणतात हे माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवालीला इंजिनिअरिंगला आल्यावर कळलं. दाब म्हणजे काय, हे मात्र थेट लेहला कळलं!

गेल्या सुट्टीत आम्ही चौघी विमानाने लेहला (३,५०० मीटर) उतरलो. दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला खिंडीत जायचा बेत. सकाळी माझ्या रूमपार्टनरचं डोकं ठणकत होतं, उलट्याही झाल्या. मी म्हटलं, “अगं, झोप नाही झाली म्हणून होतंय. गाडीत पड, चल.” ड्रायव्हरभैयांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि किल्ली खिशात टाकली. “आज नहीं.” मला रागच आला.

आता थोडी थिअरी. आपल्या डोक्यावर जेवढी हवा आहे तिच्या वजनामुळे दाब निर्माण होतो. वर जावं तशी डोक्यावरची हवा कमी होते आणि दाब उतरतो. १६४८ साली पास्कलच्या सांगण्यावरून त्याचे मेहुणे पेरिए फ्रान्समधल्या प्युय द दोम डोंगरावर पाऱ्याची नळी घेऊन चढले. पारा ८ सेंटिमीटरहून जास्त उतरला!

पण हवा पाण्यासारखी नाही. ती स्वतःच्याच वजनाने दाबली जाते, म्हणून खालचे थर दाट आणि वरचे विरळ. त्यामुळे दाब सरळ रेषेत न उतरता साधारण दर साडेपाच किलोमीटरला निम्मा होतो. समुद्रसपाटीला १,०१३ मिलिबार, कळसूबाईवर (१,६४६ मीटर) सुमारे ८३०, लेहला ६६० आणि खारदुंग लाला (५,३५९ मीटर) जेमतेम ५१५.

वरच्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो. पण एकूण दाब निम्मा म्हणजे ऑक्सिजनचा दाबही निम्मा, आणि फुप्फुसातून रक्तात त्याला ढकलतो तो हाच दाब. शरीराला याची सवय व्हायला दिवस लागतात. विमान तर दिल्लीहून दीड तासात नेऊन सोडतं.

गंमत म्हणजे हाच प्रॉब्लेम मी फ्लुइडच्या पेपरात पूर्ण सोडवला होता, उत्तराखाली दोन रेघा मारून! तरी मी तिला आणखी वर न्यायला निघाले होते. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं ते लिहून ठेवा: पहिले दोन दिवस आराम, डोकं दुखत असेल तर वर जायचं नाही, आणि त्रास वाढला तर ताबडतोब खाली उतरायचं.

रूमपार्टनर दोन दिवसांत बरी झाली. भैयांना इक्वेशन येत नव्हतं, पण उत्तर त्यांचंच बरोबर होतं.