सत्त्याण्णवांच्या गोंगाटात तिघांचा आवाज

दिवेलागणीच्या सुमारास अंगणातल्या जास्वंदीकडे पाहा. फूल दिसते, पाने दिसतात. पण अंधार वाढला की लाल कोणते आणि हिरवे कोणते हे ओळखता येत नाही. असे का होते? आपल्या डोळ्यातील दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. दंडपेशी अंधुक उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत. शंकुपेशींना भरपूर उजेड लागतो. रंग आणि बारीक तपशील त्यांच्यामुळेच दिसतात.

काही मुलांच्या शंकुपेशी जन्मापासूनच काम करीत नाहीत. त्यांना रंग दिसत नाहीत आणि उन्हात डोळे उघडवत नाहीत. अशा रोगावरचे उपचार आधी उंदरावर करून पाहतात. पण उंदराच्या शंकुपेशी काम करतात की नाही, हे ओळखायचे कसे? उंदीर पडला निशाचर. त्याच्या दर शंभर प्रकाशग्राही पेशींत सुमारे ९७ दंडपेशी आणि अवघ्या ३ शंकुपेशी! वर्गात ९७ मुले ओरडत असताना तिघांचे बोलणे ऐकण्यासारखेच हे काम आहे.

प्रथम या पेशी 'बोलतात' कशा ते पाहू. अंधारात त्यांच्यात धनभारित आयनांचा प्रवाह सतत आत येत असतो. प्रकाश पडला की आयनांची दारे मिटतात, प्रवाह घटतो आणि पेशीच्या आतली बाजू अधिक ऋण होते. जपानचे त्सुनेओ तोमिता यांनी १९६५ साली कार्प माशाच्या शंकुपेशीत हा बदल नोंदवला. म्हणजे उजेडाची वर्दी प्रवाह सुरू होऊन नव्हे, तर कमी होऊन मिळते!

डोळ्यातील अशा सर्व बदलांची बेरीज डोळ्याच्या पृष्ठभागावरही मोजता येते. स्वीडनच्या होल्मग्रेन यांनी १८६५ साली बेडकाच्या डोळ्यावर अशी नोंद प्रथम केली. उंदराला भूल देऊन त्याच्या पारपटलावर बारीक इलेक्ट्रोड टेकवतात, दुसरा शरीरावर अन्यत्र लावतात आणि प्रकाशाची चमक देऊन आलेख काढतात.

आता युक्ती पाहा. चमक देण्यापूर्वी उंदराच्या डोळ्यांसमोर काही मिनिटे स्थिर, प्रखर उजेड ठेवतात आणि तो चालूच राहू देतात. त्यामुळे दंडपेशींची दारे आधीच मिटलेली असतात. जे मिटलेलेच आहे ते पुन्हा काय मिटणार? म्हणून नव्या चमकेला त्या गप्प राहतात. शंकुपेशी मात्र उजेडाशी जुळवून घेतात आणि उत्तर देतात.

हे उत्तर क्षीण असते, म्हणून अनेक चमकांची सरासरी घेतात. मूळ संकेत दर वेळी तसाच येतो, पण गोंगाट कधी वर, कधी खाली जातो. त्यामुळे सरासरीत तो विरत जातो. २५ चमकांची सरासरी घेतली, तर गोंगाट सुमारे एक पंचमांश उरतो.

येथे एक सावधगिरी हवी. या आलेखातील मोठी, वर जाणारी लाट खुद्द शंकुपेशींची नसते. त्यांचा निरोप घेणाऱ्या द्विध्रुवी पेशींची ती असते. फक्त शंकुपेशींचे उत्तर हवे असेल, तर दृष्टिपटल वेगळे काढून पोषक द्रवात ठेवतात आणि निरोप पुढे जाऊ न देणारे औषध त्यात मिसळतात. मग ती लाट नाहीशी होते आणि खाली जाणारा मूळ संकेत उरतो.

या मोजणीचे मोल २०१० साली दिसून आले. जर्मनीतील संशोधकांनी शंकुपेशींतील एक जनुक निकामी असलेल्या उंदरांच्या डोळ्यांत, निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत, चांगले जनुक पोचवले. प्रखर उजेडात ज्या डोळ्यांचा आलेख सपाट येत असे, त्यांत लाट उमटली. उंदीर काही 'मला दिसू लागले' असे सांगू शकत नाही. त्याच्या वतीने ती लाट बोलली.

विचार करा : गोंगाट एक दशांश करायचा असेल, तर किती चमका द्याव्या लागतील? (उत्तर : १००. गोंगाट चमकांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो.)