रक्तातला धूर

हृदयाची एक तपासणी असते. तिला टू-डी इको म्हणतात. छातीवर यंत्राची दांडी फिरवतात आणि पडद्यावर आतले हृदय दिसते. हे चित्र उजेडाचे नसते, आवाजाचे असते. ते कसे, हे आम्ही या पाठात सांगणार आहोत.

डोंगरासमोर हाक मारली की ती परत येते. यंत्रही अशीच हाक मारते. पण त्या आवाजाची कंपने सेकंदाला २० ते ५० लाख असतात. आपल्या कानाला २० हजारांच्या वरची कंपने ऐकू येत नाहीत. आवाज जेथून जोराने परत येतो, तेथे पडद्यावर पांढरे दिसते. जेथून फारसा येत नाही, तेथे काळे दिसते.

वाहते रक्त काळे दिसते. असं का? रक्तातली तांबडी पेशी फार लहान असते. तिची रुंदी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या ७-८ पट, एवढीच. तळ्याची लाट एका काडीला दाद देते का? नाही. पण पेंढी उभी असली तर लाट आपटून मागे फिरते. पेशींचे तसेच आहे. दहा पेशी सुट्या असल्या तर प्रतिध्वनी अगदी थोडा. त्याच दहा एकत्र आल्या, तर ढोबळ हिशेबाने दहापट!

त्या एकत्र केव्हा येतात? रक्त मंदावले म्हणजे. रक्तात फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन असते. त्याच्या योगाने पेशी एकमेकींना चिकटतात आणि नाण्यांसारखी चळत होते. रक्त जोराने वाहू लागले की चळत मोडते. म्हणून चळत म्हणजे गुठळी नव्हे.

आता मुद्द्याचे ऐका. काही मुलांना घसा दुखून पुढे ऱ्हुमॅटिक ताप येतो. त्याने हृदयाची झडप अरुंद होऊ शकते. मग डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात रक्त तुंबते, चळती होतात आणि पडद्यावर धुरासारखे पांढरे फिरताना दिसते. डॉक्टरही त्याला धूरच म्हणतात. धूर दिसला म्हणजे गुठळी झालीच असे नाही. पण होण्याचा धोका आहे. ती गुठळी मेंदूत गेली तर अर्धांगवायू होतो.

वाहते पाणी निर्मळ, असे आपण म्हणतो. रक्तानेही वाहतेच राहावे. गुठळी होऊ नये म्हणून डॉक्टर गोळ्या देतात. बरे वाटले म्हणून त्या आपल्या मनाने सोडू नयेत, की वाढवू नयेत. आणि मुलाचा घसा दुखून ताप आला, तर त्याला वेळेवर दवाखान्यात न्यावे.

प्रश्न :
१. वाहते रक्त पडद्यावर काळे का दिसते?
२. चळत आणि गुठळी यांत फरक काय?
३. तुमच्या घरी कोणी अशा गोळ्या घेत असेल, तर त्याला तुम्ही काय सांगाल?